कमळूच्या खांडीवरचे दहा जण

फार फार वर्षं झाली. खाडीकाठच्या खारकुंडे गावात हसाजी नावाचा तेली राहत होता. जातीनं बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला यहुदी. शनिवारी घाणा बंद ठेवायचा, म्हणून सारे त्याला शनवारतेली म्हणत. त्याच्या शेजारी कमळू म्हात्रे. दोघांची भातखाचरं लागून, आणि खारं पाणी अडवणाऱ्या बांधाचा एक तुकडा दोघांनी मिळून राखायचा.

एकदा हसाजीच्या घाण्यावरची पेंड नाहीशी झाली. रागाच्या भरात हसाजी चार माणसांत कमळूला म्हणाला, "चोर आहेस तू!"

कमळू पंचा झटकून निघून गेला. दोन दिवसांनी कळलं, पेंड हसाजीच्याच बैलानं दावं तोडून खाल्ली होती.

पुढं दारफाळणीचा सण आला. त्या दिवशी बेने इस्राएल लोक दारं लावून घेतात, दिवसभर उपास करतात आणि देवाकडे पापांची माफी मागतात. हसाजीनंही मागितली. संध्याकाळी त्याला अगदी हलकं वाटलं.

बायको मिलकाबाई म्हणाली, "देवाशी बोललात. कमळूभावजींशी बोललात का? माणसाचं दुखवलेलं देव परस्पर माफ करत नाही, असं माझे बाबा सांगायचे."

"उद्या जातो," हसाजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शिळा सण, भेटीगाठींचा दिवस. हसाजी घरोघरी गेला. कमळू ओटीवर बसला होता. हसाजीला येताना पाहून तो उठून उभाही राहिला. पण हसाजीची मान काही वर झाली नाही. तो तसाच पुढं गेला.

पुनवेला भर दुपारी उधाण आलं. दोघांच्या बांधाला खांड पडली, पाणी आत घुसू लागलं. खांड बुजवायला दोन माणसं लागतात, एक पाठ लावायला नि एक चिखल टाकायला. कमळूनं हसाजीला हाक मारली नाही. एकटाच गेला.

ओहोटी लागल्यावर लोक धावले. खांडीत पाठ लावून कमळू बसलेला होता, गळ्यापर्यंत चिखलात. जीव गेलेला. बांध मात्र टिकला होता. हसाजीचं भातही वाचलं होतं.

तेव्हापासून हसाजी घाण्यावर फारसा दिसेना. तो लोकांची भांडणं मिटवायला धावू लागला. तीन गावं पलीकडे कुणाचा आवाज चढला तरी त्याला ऐकू येई, असं म्हणतात. भरतीच्या पाण्यातून चालत जाई आणि धोतराचा काठही भिजत नसे, असं म्हणतात. भांडलेल्या दोघा भावांतल्या एकाला सांगे, "तो तुझ्यासाठी रडतोय रे." मग दुसऱ्याकडे जाऊन तेच सांगे.

कुणीतरी म्हणालं, "हसाजीशेट, हे खोटं आहे."

"संध्याकाळपर्यंत खरं होईल," तो म्हणाला. आणि व्हायचंही.

पण दर शिळ्या सणाला तो कमळूच्या बायकोच्या, ठमाच्या, दारात जाई. "वहिनी, माफ करा."

सातव्या वर्षी ठमा म्हणाली, "मी माझ्यापुरतं कधीच सोडलं, भावजी. पण त्यांच्या वाटचं मी कसं सांगू?"

हसाजी खाली बसला. मग दुसऱ्या दिवशी त्यानं गावातली दहा माणसं बोलावली, कारण त्याच्या धर्मात मेलेल्याची माफी दहा जणांसमोर मागायची असते. कोळी आले, आगरी आले, मशिदीतला मुजावर आला. ठमाही आली. खांडीच्या जागी अनवाणी उभा राहून हसाजी मोठ्यानं म्हणाला, "कमळू चोर नव्हता. मी त्याच्या दारावरून गेलो आणि थांबलो नाही."

त्यावेळी भरतीचं पाणी बांधापाशी येऊन थबकलं, असं म्हणतात. कमळूचं उत्तर आलं की नाही, हे मात्र कुणी सांगत नाही. हसाजी म्हातारा होऊन मेला, तो तेच ऐकायला कान लावून.

आजही खारकुंड्यात शिळ्या सणाच्या दुसऱ्या दिवशी गावातली दहा माणसं त्या बांधावर जातात. ज्याचं कुणाशी बिनसलं असेल त्यानं पुढं होऊन त्याचं नाव घ्यायचं. बहुतेक वेळा ते माणूस त्या दहांतच उभं असतं. कधीकधी ते या जगातच नसतं. मग साऱ्यांनी तिथंच बसायचं, ओहोटी लागेपर्यंत, आणि कुणीच काही बोलायचं नाही.