मडकंभर आवाज

"आवाज? कसला आवाज? आम्हाला तर काही ऐकू येत नाही!" वडगिरीचे उग्रसेनराजे दरबारात गरजले.

समोर कुंभारवाडा हात जोडून उभा होता. तक्रार साधी होती. राजांनी हेलिकॉप्टर घेतलं होतं. ते स्वतः त्यात बसत नसत, पोटात गोळा येई. उडवायचे त्यांचे मेहुणे धैर्यशीलराव. रोज सकाळी दहा ते बारा. राज्य एवढंसं, की हेलिकॉप्टर वळवायला शेजारच्या राज्यात जावं लागे. तिथल्या राजाने हरकत घेतली. तेव्हापासून धैर्यशीलराव कुंभारवाड्यावरच गोल गोल फिरत. राजवाडा टेकडीपलीकडे, भिंती दोन हात जाड. तिथे काय ऐकू येणार!

"महाराज, तान्ही पोरं दचकून उठतात," एक म्हातारा म्हणाला.

"खुडूक कोंबड्या अंडी टाकून पळतात!" दुसरा म्हणाला.

"माझ्या पोराच्या लग्नात 'सावधान' ऐकूच आलं नाही! लोकांनी अंदाजाने अक्षता टाकल्या. निम्म्या भटजींच्या तोंडात गेल्या!"

दरबार हसला. राजे हसले नाहीत. राणीसाहेबांच्या भावाला खाली कोण उतरवणार?

"आवाजाने कुणाचं काही बिघडत नाही," ते म्हणाले. "बिघडतं म्हणता ना? मग तो आवाज एका मडक्यात भरून इथे आणा. ढोल नको, ताशा नको, हेलिकॉप्टर नको. नुसता आवाज! तीन दिवसांत आणला नाही, तर कुंभारवाडा उठवून नदीपलीकडच्या खडकावर बसवीन."

सगळ्यांचे चेहरे उतरले. खडकावर माती कुठली? मातीविना चाक कसलं?

तेवढ्यात मागून एक मुलगी पुढे आली. रखमाजी कुंभाराची सगुणा. हात कोपरापर्यंत मातीने भरलेले.

"आणते, महाराज. पण मडकं तुम्ही निवडायचं. नाहीतर म्हणाल, मडक्यातच काहीतरी खोट होती."

"आम्ही परवा येतोच आहोत," राजे मिशीवर हात फिरवत म्हणाले. "तेव्हा तेही निवडू."

खरंच येणार होते. अक्षय तृतीया जवळ आली होती. पितरांच्या पाण्याचं मडकं राजे दरवर्षी स्वतः वाजवून निवडत. पक्कं मडकं टिचकी मारली की खणखणतं. तडा असला की बद्द वाजतं. तडा डोळ्यांना दिसत नाही, कानाला कळतो. आणि राजांना आपल्या कानाचा भारी अभिमान!

ठरल्या दिवशी राजे पालखीतून उतरले. अंगणात वीस मडकी मांडली होती. दहा वाजले, आणि डोक्यावर हेलिकॉप्टर आलं. सगुणेने वर बघून पदर हलवला. धैर्यशीलरावांना वाटलं, पोरगी कौतुक करते आहे! ते आणखी खाली आले. धूळ उडाली. राजांचा फेटा निम्मा सुटला.

"निवडा, महाराज!" सगुणा ओरडली.

"काय?"

"निवडा म्हणते! का ऐकू येत नाही?"

 येत नाही म्हणावं, तर आवाजाने बिघडतं हे कबूल. राजांनी एका मडक्यावर टिचकी मारली. काही ऐकू आलं नाही. दुसऱ्यावर मारली. तिथेही तेच. सगळा कुंभारवाडा बघत होता. पाचव्या मडक्यावर त्यांनी डोळे मिटले, मान डोलावली आणि ओरडले, "वा! घंटेसारखं वाजतंय! हेच!"

"पितरांनासुद्धा हेच?"

"हेच!"

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. सगुणा ते मडकं घेऊन आली.

"आणलास आवाज?"

"आणला. काठोकाठ भरलाय."

राजांनी मडकं मांडीवर घेतलं आणि आत डोकावून पाहिलं. "रिकामं आहे हे!"

"मग ओता पाणी. रिकामं असेल, तर पाणी राहील. आधीच भरलेलं असेल, तर पाण्याला जागा मिळायची नाही."

"ओता रे!" राजांनी हुकूम सोडला.

हुजऱ्याने घागर ओतली. पाणी आत गेलं आणि खालून बाहेर आलं. आधी राजांची मांडी भिजली, मग गादी, मग नव्या मोजड्या. राजे ताडकन उठले.

"कार्टे! तडा गेलेलं मडकं राजाला देतेस?"

"मी कुठे दिलं? तुम्हीच वाजवून घेतलं! घंटेसारखं वाजतंय म्हणालात!" सगुणेने मडकं उचललं आणि टिचकी मारली.

बद्द!

शेवटच्या खांबापाशी उभ्या असलेल्या भालदारालाही ते ऐकू गेलं.

"वीसच्या वीस तडकलेली होती, महाराज. आव्यात भाजताना तडा गेला म्हणून टाकून दिलेली. एरवी तुमच्या कानातून एकही सुटलं नसतं. काल या मडक्यावर तुम्ही टिचकी मारलीत आणि वरचा आवाज आत शिरला. तोच घेऊन आले. आमच्याकडे रोज दहा ते बारा असाच भरतो. गिऱ्हाईक फुटकी मडकी घरी नेतं आणि दुसऱ्या दिवशी आमच्याच डोक्यावर फोडायला येतं!"

 राजे ओल्या धोतरात उभे. मडक्याकडे पाहिलं, मोजड्यांकडे पाहिलं.

"म्हणजे हे आम्ही पितरांना देणार होतो?"

"हो. आबासाहेब महाराज तहानलेले परत गेले असते. आणि त्यांचा राग तर तुम्हाला माहीत आहे!"

राजांना वडिलांचा राग आठवला. मग ते हसायला लागले. एवढे हसले, की या वेळी अख्खा फेटा सुटला.

"माग, पोरी, काय हवं ते!"

"मला पुन्हा मडकी मांडायची आहेत. या वेळी पक्की. तुम्ही उद्या या. पण मेहुणेसाहेबांना पायी आणा!"

दुसऱ्या दिवशी राजे आले. मागून धैर्यशीलराव घाम पुसत, पायी. राजांनी पहिल्याच मडक्यावर टिचकी मारली. खण्ण! नदीकाठची मातीची खाण कुंभारवाड्याच्या नावावर करून ते हसत परतले.

हेलिकॉप्टर तबेल्यात गेलं. त्यातल्या धैर्यशीलरावांच्या गादीवर रखमाजीची खुडूक कोंबडी अंडी उबवायला बसली. एकवीस दिवस हलली नाही. अकरा पिल्लं निघाली!