टिटवीला बसायची जागा

त्या मुलखात बोलायचं असेल तर आधी वेळूवर बसावं लागे. तळ्याकाठच्या दोन बाभळींच्या बेचक्यांत एक लांबलचक वेळू आडवा टाकलेला होता, आणि कोण कुठं बसतो यावरून कोण काय म्हणतो ते ठरे. डाव्या टोकाचं म्हणणं, दाणा सगळ्यांनी वाटून खावा. उजव्या टोकाचं म्हणणं, ज्याच्या चोचीत त्याचा दाणा. मधे बाकीचे, कुणी थोडं जास्त वाटा म्हणणारे, कुणी थोडं जास्त राखा म्हणणारे. जागा तशी मुबलक होती.

आता डावं कुठलं, यातच एक अख्खं वर्ष गेलं. निम्मे पक्षी तळ्याकडं तोंड करून बसत, निम्मे शेताकडं. शेवटी ठरलं, तळ्याकडं तोंड धरायचं. पुढं तळं आटलं, तरी तोंडं तिकडंच राहिली. ठरलं ते ठरलं.

डावीकडं साळुंकीचा थवा बसे, उजवीकडं कोतवालाचा. चिमण्यांचं काही ठरलेलं नसे. त्या मधे बसत, आणि त्या फार होत्या. वर्षातून एकदा कावळा मोजणी करी. ज्याच्या शेजारी जास्त चिमण्या, त्यानं मुलूख राखायचा. त्यामुळं मोजणी जवळ आली की साळुंकी वीतभर मधे सरके, शेपटी मात्र डाव्या टोकाकडं ठेवून. कोतवालही सरके, मान उजवीकडं वळवून. राघू आधीपासून मधोमध बसलेला. पण हे दोघं सरकले की आपला मध्य कुठं गेला, ते त्यालाही दोनदा बघावं लागे.

त्या वर्षी सगळे इतके मधे आले की वेळूला पोट आलं. बरोबर त्या पोटाखाली, खड्यांमधे, टिटवीची चार अंडी होती. फुटायला सहा दिवस उरले होते. वेळू अंड्यांपासून हातभर वर होता, मग वीतभर राहिला.

टिटवी कावळ्याकडं गेली. "कावळेमामा, यांना जरा पांगून बसायला सांगा. वेळू खाली येतोय."

"सांगू की. तू कुठं बसतेस ते आधी सांग."

"मी बसत नाही, मामा. मला मागचं बोट नाही. फांदी धरता येत नाही."

"मग तुझं मत कुठलं धरायचं?"

"वेळू खाली येतोय, हेच मत."

"हे मत नव्हे बाई, ही तक्रार. मताला जागा लागते."

ती साळुंकीकडं गेली. साळुंकी कळवळून म्हणाली, "अगं, ती अंडी सगळ्यांचीच आहेत. म्हणून तर तुझ्या एकटीच्या सांगण्यावरून हलता येत नाही." कोतवाल म्हणाला, "अंडी तुझी, बघणंही तुझंच. आम्ही मधे पडत नसतो." हे तो अगदी मधोमध बसून म्हणाला. राघू म्हणाला, "दोघांचंही बरोबर आहे," आणि आणखी बोटभर आत सरकला.

"तुमच्यात निजताना पाय वर करून आभाळ धरतात म्हणे," कावळा हसला. "त्यापुढं वेळू म्हणजे काडीच की!"

चिमण्यासुद्धा हसल्या. हसताना वेळू हलला, कर्र वाजला, आणि खाली येऊ लागला.

टिटवी धावली. अंडी पंखांखाली घेतली, पाठीवर निजली, आणि दोन्ही पिवळे पाय वर करून वेळूला लावले.

वेळू थांबला.

"आम्ही सरकलो म्हणून तोल आला," साळुंकी म्हणाली. "आम्ही घट्ट बसलो म्हणून," कोतवाल म्हणाला. राघू म्हणाला, "दोघांमुळं." कावळ्यानं वाकून खाली पाहिलं. जिथं पाय लागले होते तिथं वेळूवर चोचीनं खूण केली आणि ओरडून सांगितलं, "मध्य इथं आहे! इथून मोजा!"

मोजणी सहा दिवस झाले तरी संपेना. चिमण्या एका जागी बसतील तर ना! खाली टिटवा येऊन टिटवीच्या चोचीत किडा घाली आणि विचारी, "जड होतंय का गं?" ती म्हणे, "बोलू नको. हलेल."

सातव्या सकाळी चारही अंडी फुटली. पिलं ओली होती तोवर टिटवी तशीच थांबली. पिसं वाळली तशी पिलं उठली, लटपटली, आणि बापामागं चालायला लागली. मग टिटवीनं पाय काढून घेतले, अंग झटकलं, आणि तीही निघाली.

वेळू बेचक्यांतून निसटला आणि जमिनीला टेकला. धूळ उडाली. कुणी उडालं नाही.

"जागा सोडू नका!" कावळा ओरडला. "मोजणी चालू आहे!"

सगळे मातीत ओळीनं बसून राहिले. साळुंकीची शेपटी डावीकडं, कोतवालाची मान उजवीकडं. एक पिलू मागं राहिलं होतं. ते त्या ओळीसमोरून तुरुतुरु चाललं, तसं कावळ्यानं त्याला हटकलं.

"ए बाळ, तू कुठं बसतोस ते आधी सांग."

पिलू थांबलं आणि बघत राहिलं. त्याला मान वर करावी लागली नाही.