निखतची पाचर

"तिच्या त्या कापडात असं आहे तरी काय, बाई? एकदा मला स्पष्टच सांगून टाका."

शाल्मलीने कटिंगच्या खोलीचं दार लोटलं ते हा प्रश्न घेऊनच.

उमरेडकर बाईंनी मान वर केली नाही. त्या खडूची धार ब्लेडने तासत बसल्या होत्या. नागपूरच्या त्या डिझाइन कॉलेजात सपाट कापड उभं करायची विद्या त्या शिकवत. बोलत फार कमी.

"कोणाबद्दल बोलून राहिली तू?"

"निखतबद्दल. दुसरं कोण? प्रदर्शनातली मधली डमी तिला दिलीत तुम्ही."

"हं."

"दोन वर्षं ती माझी होती."

"होती."

कूलर घरघरत होता. वाळ्याचा ओला वास खोलीभर पसरला होता...

प्रदर्शनासाठी मांडलेल्या पुतळ्यांत मधल्या, मानाच्या डमीवर निखतचं कापड उभं होतं. कोरा मांजरपाट, फार तर दीड मीटर. उजव्या खांद्यावरून निघून तो शंखासारखा वळत पार कानापर्यंत चढला होता. आत तार नाही, कापड ताठ करणारं बकरम नाही, अस्तरसुद्धा नाही.

शाल्मलीचं काम कोपऱ्यात होतं. उंची सॅटिन, पदरावर पदर बकरम, आत तारांचा सांगाडा. तेही उभंच होतं. एवढं आत कोंबलं तर गोणपाटही उभा राहील, असं वर्गातलं कोणीतरी पाठीमागे म्हणालं होतं. कोण म्हणालं ते कळलं नाही. पण हसणाऱ्यांत निखत होती, एवढं शाल्मलीने नीट ऐकलं होतं.

निखतचं तिला काय खटकत नव्हतं? तिचं हसणं खटकत होतं. डब्यातलं पहिला घास घ्यायच्या आधी सगळ्यांना वाटणं खटकत होतं. आणि कापण्याआधी कापड गालाला लावून बघायची तिची खोड तर डोक्यात जात होती.

पण खरा सल एकच होता. उमरेडकर बाई कोणाच्या कामाला 'वा' म्हणत नसत. त्या एका शब्दासाठी शाल्मलीने तीन वर्षं बोटं सोलून घेतली होती. परवा बाई तो शब्द बोलल्या.

निखतला.

"माझी मेहनत तरी बघा," शाल्मली म्हणाली.

"पाहिली ना. या उन्हाळ्यात तिचा जीव जात असेल बिचारीचा."

"कोणाचा?"

"डमीचा."

शाल्मलीच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"थट्टा करा, बाई. पण निखत तुम्हाला फसवून राहिली. तिने पॅटर्नचा एक तुकडा लपवलाय."

ब्लेड थांबलं.

"तुला कसं समजलं?"

"कारण मी तिचाच पॅटर्न घेऊन शिवलं, तरीसुद्धा..."

तोंडातून शब्द गेला. आता तो परत आत ओढता येणार नव्हता.

बाईंनी ब्लेड बाजूला ठेवलं.

"आण."

शाल्मलीने पिशवीतून मांजरपाट काढला आणि टेबलावर टाकला. बाईंनी तो उचलून जवळच्या रिकाम्या डमीच्या खांद्यावर ठेवला. वाळत घातलेल्या पंच्यासारखा तो लोंबकळला.

"जेवणाच्या सुट्टीत तिचा पॅटर्न उतरवून घेतला," ती खाली बघत म्हणाली. मग तिने मान ताठ केली. "चोरी म्हणा. म्हणा ना! पण तिचं काय? सगळे तुकडे जसेच्या तसे घेतले मी. एक तरी कमी असल्याशिवाय असं पडेल का कापड?"

बाई उठल्या. खिळ्याला अडकवलेला निखतच्या पॅटर्नचा खाकी कागद त्यांनी काढला. शाल्मलीच्या शिवणी उसवल्या, कापड टेबलावर पसरलं आणि त्यावर तो कागद ठेवला.

काठाला काठ लागला. वळणाला वळण लागलं.

एकाच जागी बिनसलं. निखतच्या कागदात काठापासून थेट पोटात शिरणारी भलीमोठी पाचर कापून काढलेली होती. तिची एक बाजू सरळ, दुसरी वाकडी. शाल्मलीचं कापड तिथे सलग होतं.

बाईंनी त्या जागेवर बोट ठेवलं.

"इथे काय केलं?"

"तिथे कात्री घसरलीय तिची. टक घालायला एवढी मोठी पाचर कोणी कापतं का? बाजूसुद्धा एकमेकींना जुळत नाहीत. मी सरळ रेघ मारून भरून घेतलं."

"म्हणजे दुरुस्त केलं."

"हो."

"चोरता चोरता."



बाईंनी कागदातल्या त्या फटीच्या दोन्ही कडांनी कापडावर खडू ओढला. मग कात्रीची मूठ शाल्मलीपुढे धरली.

"काप."

"एवढं सगळं कापड वाया..."

"काप."

तिने कापलं. पाचर सुटून टेबलावर पडली.

"आता दोन्ही काठ एकमेकाला लाव."

"नाही लागणार, बाई. एक सरळ आहे, एक वाकडा."

"लाव ना बापा."

शाल्मली टाचण्या लावू लागली. कापड हट्टाला पेटलं. सरळ काठ वाकायला तयार नव्हता. तिने दात आवळून एकेक टाचणी पुढे रेटली. आणि मध्येच कुठेतरी, तिच्या बोटांखालीच, कापड वळलं. वळता वळता ते टेबलावरून उठलं आणि शंखासारखं चढत गेलं.

तिने घाबरून हात काढून घेतला.

ते पडलं नाही.

"...यात तर आपण काहीच घातलं नाही," ती हळूच म्हणाली.

बाई त्या कापडाकडे बघत होत्या. शाल्मली बाईंच्या ओठांकडे बघत होती. आता येईल तो शब्द. आता येईल...

आला नाही.

तिची नजर मधल्या डमीवर गेली. तिथून टेबलावर आली. काही फरक दिसेना. 

"मग... मधली डमी मला?"

बाईंनी टेबलावरची कापलेली पाचर उचलली, हाताने सारखी केली आणि शाल्मलीच्या तळहातावर ठेवली.

"ही निखतला नेऊन दे."

"ही तर कातरण आहे, बाई. टाकायची."

"नेऊन दे."

बाहेर व्हरांड्यात निखत कोणाशी तरी बोलत होती. तिचं ते हसणं दारातून आत आलं. शाल्मलीची मूठ पाचरीवर आवळली गेली. ती दारापर्यंत गेली आणि तिथेच थबकली.

"काय सांगू तिला?"

बाईंनी पुन्हा खडू तासायला घेतला होता.

"काही सांगू नको. तिला स्वतःचं माप ओळखू येईल."