बाळीचा झोपलेला डोळा

फार फार वर्षांपूर्वी, ढग जिथे मुक्कामाला उतरत अशा एका डोंगरमाथ्यावरच्या गावात एक नियम होता. झोपलेल्या डोळ्याला उठवायचे नाही. आणि का, असे विचारायचे नाही.

सगुणाला हा नियम पहिल्यांदा सांगितला गेला, तेव्हा ती उंबऱ्यावर बसून धाकट्या बहिणीची वेणी घालत होती. तिने लगेच विचारले, "का?"

"आत्ताच सांगितलं ना, विचारायचं नाही म्हणून," मोठी आई म्हणाली. मोठी आई ही गावातली सगळ्यांत म्हातारी बाई. तिच्यामागे उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. त्या गावातल्या म्हाताऱ्यांना माना हलवायची फार सवय होती.

धाकटीचे नाव बाळी. आईबाप मेंढ्या घेऊन खालच्या मुलखात गेले होते, त्यामुळे बाळीला सगुणाच सांभाळत होती. बाळीचा उजवा डोळा सरळ समोर बघे. डावा मात्र हळूच नाकाकडे सरके, पेंगुळलेल्या माणसाची मान कलावी तसा.

गावाची समजूत अशी की असा डोळा जगाकडे बघतच नाही. तो स्वप्ने बघतो, आणि ती साऱ्या गावासाठी बघतो. म्हणून दर वर्षी पेरणीआधीच्या पौर्णिमेला, दिवेलागणीच्या वेळी, बाळीला पारावर बसवत. ढग पायऱ्यांवर येऊन थांबत. गावाचे प्रमुख थोरले आबा तिचा उजवा डोळा आपल्या तळहाताने झाकत आणि विचारत, "बाळी, काय दिसतंय?"

बाळी रडायला लागे. ती रडली की म्हातारे एकमेकांना सांगत, "स्वप्न मोठं आहे."

"पांढरं दिसतंय," बाळी हुंदके देत म्हणे.

"आणखी?"

"काहीतरी हलतंय."

"पांढरं आणि हलणारं," आबा डोळे मिटून म्हणत. "म्हणजे यंदा कापूस."

"मेंढ्याही असतील की, आबा," एखादा धीट माणूस म्हणे.

"आबा कापूस म्हणालेत ना? मग कापूस," मोठी आई त्याला गप्प करी.

त्या ढगाळ डोंगरावर कापसाची बोंडे झाडावरच कुजली. तेव्हा म्हातारे म्हणाले, स्वप्न बरोबर होते, पेरणारे चुकले.

स्वप्ने बघणारी बाळी दूध ओताना वाटीच्या बाहेर ओते. पायरी कुठे संपते ते तिला कळत नसे. कुणी बोर फेकले तर ते झेलायला ती हात पुढे करी, आणि बोर तिच्या कपाळावर येऊन बसे. पोरे हसत. म्हातारे म्हणत, "हसू नका रे, ती तिच्या तंद्रीत असते." आणि सगुणा मुकाट्याने सांडलेले दूध पुसे. मुकाट्याने राहणे तिला मुळीच जमत नसे, पण तेव्हा तिच्याकडे बोलण्यासारखे काही नव्हते.

एकदा पावसाळा सरल्यावर गावात एक भिंगवाली आली. कित्येक वर्षे ती गावोगाव हिंडून लोकांचे डोळे तपासत होती. तिच्या लाकडी पेटीत कापसात गुंडाळलेली भिंगे होती. जांभळाच्या झाडाखाली तिने बस्तान मांडले आणि समोरच्या भिंतीवर एक कापड टांगले. कापडावर चित्रे होती. वर हत्तीएवढा पक्षी, त्याखाली लहान पक्षी, त्याहून लहान मासा, आणि सर्वांत खाली तांदळाएवढा दिवा.

लोक आले. भिंगवाली प्रत्येकाच्या डोळ्यात इतका वेळ बघत बसे की समोरच्याला वाटे, ही आता आत उतरणार.

"डोळे आले की मी मध घालते पोराच्या डोळ्यात," एक बाई म्हणाली.

"मध भाकरीला लाव. डोळ्याला स्वच्छ पाणी दे आणि त्याचं तोंड पुसायचं फडकं वेगळं ठेव."

"आणि काजळ?"

"एकाच बोटानं घरातल्या सगळ्या पोरांना घालतेस ना? मग एकाचा आजार सगळ्यांना वाटतेस. आणि मागची तू, काय गं, दिवसभर गोधडी शिवतेस? मधून मधून मान वर करून समोरचा डोंगर बघत जा. डोळ्यालाही पाय मोकळे करायला लागतात."

सगुणा बाळीला घेऊन पुढे झाली. भिंगवालीने आधी बाळीचा डावा डोळा झाकला. बाळीने पक्षी, मासा, दिवा सगळे घडाघडा सांगितले. मग तिने उजवा झाकला. बाळीने तिचा हात झटकला आणि रडू लागली.

"पौर्णिमेला पण अशीच रडते," सगुणा म्हणाली.

"रडेल नाहीतर काय? घरातला एकुलता दिवा कुणी विझवला, तर तू गाणी म्हणशील?" भिंगवालीने बाळीचे डोळे पुसले. "दोन्ही डोळे उघडे ठेवून विचारलंत तर हिला सगळंच दिसणार. एकेक झाकून बघितल्याशिवाय कळत नाही, कोण काम करतंय आणि कोण नाही ते."

"मग हा डोळा आजारी आहे का?"

"आजारी नाही, बेकार आहे. समज, दोन भाऊ आहेत. थोरला इतका कामसू, की धाकट्याच्या हातात कुणी नांगर देतच नाही. धाकटा बसून राहतो. बसून बसून त्याला झोप लागते. मग सगळे म्हणतात, धाकटा आळशी."

सगुणा हसली नाही. "मग काय करायचं?"

"थोरल्याला रोज थोडा वेळ घरी बसवायचं. मी हिला भिंगं करून देते, ती दिवसभर लावायची. आणि दिवसातला काही वेळ चांगल्या डोळ्यावर पट्टी. त्या वेळात हिला बारीक काम दे. रडेल, पडेल, तुझ्याशी भांडेल. चुकला म्हणून धाकट्याच्या हातातला नांगर काढून घ्यायचा नाही."

"घाई आहे का?"

"दुधाचे दात पडून नवे येतात, तेवढ्या काळात हा डोळा चांगला ऐकतो. नंतर त्याची झोप फार गाढ होते."

सगुणाने बाळीच्या तोंडात बोट घातले. पुढचा एक दात हलत होता.

भिंगवालीने भिंगे घासून तारेत बसवली, दोरीने बाळीच्या कानांना अडकवली, आणि परतताना पुन्हा बघीन असे सांगून ती पुढच्या गावाला गेली.

दुसऱ्या दिवशी सगुणाने बाळीच्या उजव्या डोळ्यावर मऊ कापडाची पट्टी बांधली, आणि त्या घरातली शांतता संपली. बाळी उंबऱ्याला ठेचकाळली. तिने पट्टी ओरबाडली. "तू वाईट आहेस," ती म्हणाली. "आई आली की मी तिला सांगणार आहे."

"सांग. आई येईपर्यंत तांदळातले खडे वेच."

"मला खडे दिसत नाहीत."

"म्हणूनच वेच."

गाव कुजबुजायला लागले. मोठी आई दाराशी येऊन म्हणाली, "चांगल्या डोळ्याला शिक्षा आणि झोपाळूला लाड. असं कुठं असतं का, सगुणे?"

"आबा दर वर्षी पौर्णिमेला हाच डोळा झाकतात, तेव्हा चालतं?"

"ते स्वप्नासाठी. आणि घडीभरच." मोठ्या आईने मान हलवली. "भिंगवालीकडून चार गोष्टी शिकलीस म्हणून थोरांना उलट बोलू नये."

एका दुपारी बाळी रडून रडून दमली आणि सगुणाच्या मांडीवर पडून हळू आवाजात म्हणाली, "ताई, आज नको." सगुणाचा हात पट्टीच्या गाठीवर गेला. गाठ सोडणे किती सोपे होते. मग बाळीच्या ओठांतून तिला तो हलणारा दात दिसला, आणि तिने हात मागे घेतला.

बाळीला त्या डोळ्याने जे दिसे ते असे होते. सगळीकडे दूध. त्या दुधात सावल्या पोहत. एखादी सावली जवळ येई, तिला रंग येई, आणि ओळख पटण्याआधी ती बुडून जाई. ढग घरात शिरला आहे की घरच ढगात शिरले आहे, ते कळत नसे. रोज थोडा वेळ ती त्या दुधाळ मुलखात हिंडून येई. हळूहळू तिथल्या गोष्टी बुडेनाशा झाल्या. चूल एका जागी थांबली. मांजराला मिशा आल्या. ढगाला काठ आला, आणि काठापलीकडे निळे काही होते. ते आभाळ होते, आणि ते तिथे आधीपासूनच होते.

एका सकाळी पट्टी बांधलेली असताना बाळी अंगणात पालथी पडली होती. "ताई," ती म्हणाली, "मुंगीला कंबर असते."

सगुणा चुलीपाशी होती. ती धावत अंगणात आली आणि बाळीशेजारी पालथी पडून मुंगी बघू लागली.

मग पेरणीआधीची पौर्णिमा आली आणि पारावर सारे गाव जमले. यंदा काय पेरायचे ते ठरायचे होते. संध्याकाळी बाळीची पट्टीची वेळ असे. सगुणाने तिला तशीच, भिंगे आणि पट्टीसह, आबांच्या पुढ्यात आणून बसवले. चंद्र उगवत होता आणि ढग नेहमीसारखे पायऱ्यांवर येऊन थांबले होते.

आबांनी तळहात पुढे केला. झाकायला काही उरले नव्हते, म्हणून त्यांनी तो परत मांडीवर ठेवला. "बाळी, काय दिसतंय?"

बाळी रडली नाही. तिने मान थोडी वाकडी केली आणि नीट बघितले. "आबा, तुमच्या मिशीत भाताचं शीत आहे."

मागे कुणीतरी फिसकन हसले.

"नीट बघ," आबा म्हणाले. "आणखी काय दिसतंय? पांढरं काही? हलणारं?"

"शीतच हलतंय. तुम्ही बोलता तेव्हा."

आता हसू कुणालाच आवरेना. आबांचा चेहरा उतरला. मोठी आई काठी टेकत उठली. "गेलं," ती म्हणाली. "गावाचं स्वप्न गेलं. या मुलीनं पोरीचा डोळा नासवला. आत्ताच्या आत्ता ती पट्टी सोड, सगुणे. तो डोळा पुन्हा झोपू दे."

"तो पुन्हा झोपला तर मग उठणार नाही, मोठी आई."

"नकोच उठायला. एका डोळ्यावर तिचं भागत होतं."

"तिचं भागत नव्हतं. तुमचं भागत होतं."

आबा सावकाश म्हणाले, "पोरी, आम्ही एवढे पावसाळे पाहिले. तुम्हाला जे दिसत नाही ते आम्हाला दिसतं. सोड ती पट्टी. हा माझा हुकूम आहे."

सगुणा बाळीच्या मागे जाऊन उभी राहिली. तिने पट्टीच्या गाठीवर हात ठेवला.

"नाही सोडणार," ती म्हणाली. "आबा, या गावात आजवर सगळं तुम्हीच बघितलंत. आमच्या वाटचंही तुम्हीच बघितलंत. आम्ही बघायला लागलो की पडू, म्हणून आमच्या हातात काही दिलं नाहीत, आणि वर म्हणता, या पोरांना काही दिसत नाही. चांगला डोळा घडीभर झाकला म्हणून आंधळा होत नाही. बाळीचा झाला नाही, तुमचाही होणार नाही. पट्टी मी सोडणार नाही. आज नाही, उद्या नाही. तिचा डोळा कामाला लागल्यावर, भिंगवाली सांगेल तेव्हाच ती सुटेल."

आबांनी बोलायला तोंड उघडले. मग त्यांचा हात मिशीकडे गेला, बोटांना शीत लागले, आणि त्यांनी तोंड मिटले. मोठी आई बाकीच्या म्हाताऱ्यांकडे बघत राहिली. ते जमिनीकडे बघत होते. त्या वेळी कुणाचीच मान हलली नाही.

त्या वर्षी गावाला स्वप्न मिळाले नाही. काय पेरायचे हे ठरवायला लोकांना शेतात जाऊन माती हातात घ्यावी लागली, आणि त्यांनी नाचणी पेरली. बाळीचा डोळा जरासा तिरपाच राहिला, पण जागा राहिला. पण हे सारे पुढचे. त्या संध्याकाळी पारावर एवढेच झाले, की सगुणा "नाही" म्हणाली आणि सारे थोर गप्प बसले.

तात्पर्य: जो कायम दुसऱ्याच्या वाटचे बघत राहतो, तो दुसऱ्याचा डोळा झोपवतो.