ऑइल अजून चमच्यातच

हणमंतशेठ आपला जुनाट ट्रक गिरजाबाईंच्या गळ्यात मारायला थेट त्यांच्या ढाब्यावर आले. बाईंनी इंजिनातली ऑइलची पट्टी ओढून पाहिली, तर ऑइल दुधाळ चहासारखं!

"शेठ, रेडिएटरचं पाणी ऑइलमध्ये शिरलंय."

"थेंबभरसुद्धा नाही!" कडक इस्त्रीचा पांढराशुभ्र सदरा सावरत शेठ गरजले. "माझ्या शब्दावर शंका घेता?"

"छे हो! पाणी नसेल तर ऑइल तव्यावर तडतडून अंगावर उडणारही नाही." बाईंनी चुलीवर जुना तवा सणसणीत तापवला आणि इंजिनातलं चमचाभर ऑइल त्यावर धरलं. "या, जवळून बघा."

शेठ टुणकन उडी मारून पार बाजेमागे गेले.

गिरजाबाई हसल्या. "अहो, ऑइल अजून चमच्यातच आहे. पण तुमच्या सदऱ्याला त्यातलं पाणी दिसलं!"