आवळीखाली भरीत का चालत नाही

थांबा ताई, तो डबा उघडायच्या आधी एक सांगा. आत वांग्याचं भरीत आहे ना? नाही म्हणू नका, माझं नाक अजून धड आहे. आणि मी जवळ आल्याबरोबर तुम्ही डबा मांडीखाली ओढलात, तेही बघितलं. ओढा, ओढा. इथं नवखे सगळेच ओढतात. मला आबा म्हणतात. ह्या वृक्षउद्यानाची राखण एकतीस वर्षं माझ्याकडे आहे, आणि तुम्ही बसलाय त्या आवळीखाली आज बसायचं तर काही नियम आहेत. फलकावर नाहीत ते. फलकावर झाडाचं शास्त्रीय नाव आहे आणि खाली 'कचरा टाकू नये'.

तांबडमाळच्या ह्या बागेत माणसं बारा महिने येतात. फाल्गुनात पळस फुलला की फोटो काढायला येतात आणि फोटो काढता काढता फांदी मोडतात. मी मागेच उभा असतो. वैशाखात पोरांचे डोळे बांधून त्यांना सालीवर हात फिरवायला लावतात, ओळख बघू झाड कुठलं. रुमालाच्या फटीतून बघणारं पोर मला लांबून कळतं. मग करवंदं, जांभळं, श्रावणात वडाला झोके. पण खरी गर्दी कार्तिकात, आवळीभोजनाला. आता जरा आजूबाजूला बघा. त्या निळ्या चादरीवरची माणसं कुणाचा डबा खातायत? शेजारच्या सतरंजीवरचा. आणि सतरंजीवाले चादरवाल्यांचा. झाकणं सगळ्यांची उघडी, आणि एकाही डब्यात भरीत नाही. आपला डबा आपण खायचा नाही, झाकून ठेवायचा नाही, भरीत आणायचं नाही. ही ह्या झाडाखालची रीत आहे. ती का पडली ते ऐकून घ्या, मग जेवा. जेवण गार होईल, होऊ दे.

तुझं नाव काय बाळ? मनवा? बस अशी पुढं. तुझी आई माझ्याकडे बघतेय ती बघू दे. मीपण तुमच्याकडे बघतोच आहे.

असं सांगतात की पूर्वी ह्या माळावर झाड म्हणून नव्हतं. तांबडी माती, दगड, आणि गावाच्या अंगाला एक विहीर. ती काय, पलीकडे जाळी बसवलेली दिसते ती. तिचं पाणी मचूळ. डाळ शिजायची नाही, तोंडात घेतलं तर घोटभर जायचं नाही. अशा ठिकाणी एक दिवस एक बाई आली. ठकू तिचं नाव. कडेवर वर्षाची पोर, चिंगी, आणि डोक्यावर एक बोचकं. बोचक्यात काय होतं म्हणाल तर आवळ्याचं बी. कुठून आली, नवरा कुठं गेला, कुणाला माहीत नाही. कुणी नीट विचारलंही नाही म्हणे. विचारलं नाही आणि मग माहीत नाही म्हणून संशय घेत बसले. गावं अशीच असतात.

तिनं माळावर झोपडी घातली आणि बी लावलं. डोक्यावरनं पाणी आणून घातलं. आवळीला फळ यायला आठ-दहा वर्षं लागतात. एवढं सबुरीचं झाड लावणारी बाई इथं किती दिवस राहायचं ठरवून आलीय, असं चावडीवर बोलणं व्हायचं. तिच्या झोपडीतून धूर निघाला तरी लोक म्हणायचे, काय शिजवतेय कोण जाणे. आणि निघाला नाही तरी म्हणायचे, आज धूर का नाही? तिला बोलावून विचारावं असं मात्र कुणाला वाटलं नाही. मला विचाराल तर मी असतो त्या वेळी, तर मीही बोलावलं नसतं. खोटं कशाला सांगू.

दहा वर्षं गेली. चिंगी अकरा वर्षांची झाली, झाडं आवळ्यांनी लगडली. त्या दिवाळीच्या पाडव्याला ठकूनं आवळीच्या जुन्या फांद्या तोडल्या, त्यांचे ओंडके केले आणि भरदिवसा गावाच्या विहिरीत नेऊन सोडले. तिच्या माहेरी तशी रीत होती. आवळीचं लाकूड पाण्यात राहिलं की मचूळ पाणी गोडं होतं. पण हे तिनं गावाला विचारून करायला हवं होतं की नाही? हवं होतं. पण दहा वर्षं जिला कुणी हाक मारली नाही, ती जाऊन विचारणार तरी कुणाला?

तिसऱ्या दिवशी सकाळी गावातले नऊ बैल मेले. पाणी प्यायले, रानात चरायला गेले, आणि दुपारच्या आत एकामागून एक पडले. पोट फुगलेलं, तोंडाला फेस. रब्बीची पेरणी तोंडावर आलेली. गावात घराघरात रडारड झाली. आणि कुणीतरी म्हणालं, पाण्यात काय टाकलं होतं हो त्या बाईनं?

कुणीतरी म्हणजे कोण, तर रानोजी चौगुला. चौगुला म्हणजे पाटलाच्या हाताखालचा कारभारी. ज्वारी काढून झाली की रानं गुरांना मोकळी करायची, ती करायच्या आधी फिरून बघायची, हे काम त्याचं. का बघायची, ते तुम्हा शहरातल्यांना नाही कळायचं. कापलेल्या ज्वारीच्या खोडाला पुन्हा कोवळे फुटवे येतात. दिसायला हिरवेगार, पण उपाशीपोटी बैलानं खाल्ले की बैल जागेवर पडतो. हे गावात पाळण्यातल्या पोरालाही माहीत. म्हणून तर चौगुल्यानं आधी जाऊन बघायचं आणि मग गुरं सोडायची. त्या वर्षी दिवाळीचा फराळ, पाहुणे, आळस. रानोजी रानात गेलाच नाही. घरीच बसून सांगितलं, 'बघून आलोय, फुटवा कुठंच न्हाई, सोडा गुरं.'

पहिला बैल पडला तो त्याचाच. तो धावत गेला, बैलाचं तोंड उघडून बघितलं तर दातांत हिरवे फुटवे. आजूबाजूला बघितलं. कुणी नव्हतं. त्यानं धोतराच्या सोग्यानं बैलाचं तोंड पुसून काढलं. मग उभा राहून बोंब ठोकली, की पाण्यात विष आहे.

काय राव, एवढंच करायचं होतं, चुकलं म्हणायचं होतं! नऊ बैलांचं पाप आपल्या डोक्यावर नको म्हणून त्यानं ते एका परक्या बाईच्या डोक्यावर ठेवलं. मला अजून संताप येतो. असो.

चावडी भरली. निकाल असा झाला, की विहीर बुजवायची, माळावरची सगळी झाडं तोडायची, आणि बाईला पोरीसकट गावाच्या शिवेबाहेर घालवायचं. हिवाळ्याच्या तोंडावर कुठं जाणार, हे कुणी विचारलं नाही. ठकू म्हणे चावडीसमोर उभी राहिली आणि आयुष्यात पहिल्यांदा गावाशी बोलली.

'तुमास्नी माझ्या हाताचा संशय हाय. मला तुमच्या हाताचा न्हाई. तेरसला समद्यांनी आपापली शिदोरी घेऊन माझ्या आवळीखाली या. परत्येकाच्या शिदोरीतला एक घास मी खाईन, माझी पोर खाईल, आन् वर ह्याच हिरीचं पाणी पिऊ. दिस मावळताना आमी दोघी उभ्या असलो, तर झाडाला कुऱ्हाड लावायची न्हाई.'

गावाला ते पटलं. रानोजीला नाही पटलं. ती जर संध्याकाळी उभी राहिली तर पाणी निर्दोष ठरणार. मग लोक विचारणार, पाण्यानं नाही तर बैल कशानं मेले? आणि रान बघून आलो म्हणणारा एकच माणूस गावात होता.

आता एक लक्षात घ्या. नुकतीच कार्तिकी एकादशी झाली होती. चातुर्मासात चार महिने वांगं वर्ज्य. ते सुटल्याबरोबर घरोघर भरीत होणारच, त्या दिवशीच्या प्रत्येक शिदोरीत भरीत असणारच. रानोजीनं बायकोला भरीत करायला सांगितलं, आणि तिची पाठ वळल्यावर त्यात धोतऱ्याचं विषारी बी कुटून घातलं. वांग्याच्या बियांत धोतऱ्याचं बी कुणाला ओळखू येणार? कुणालाच नाही. म्हणून तर मी डबे हुंगत फिरतो, ताई. वेड लागलंय म्हणून नाही.

तेरस उजाडली. सगळं गाव आवळीखाली जमलं, पण बसलं एकमेकांपासून लांब लांब, शिदोऱ्या पदराखाली झाकून. पुढं ठकू, मागं चिंगी हातात पाण्याचा तांब्या घेऊन. एकेका घरापुढं थांबायच्या, घास घ्यायच्या, पाणी प्यायच्या. आपल्याच अन्नाची भीती वाटायला लागली होती लोकांना. आपल्या घासानं ही पडली तर? ह्याचं उद्या काय सांगायचं? जिच्यावर संशय घेतला ती शांत, आणि घेणारे घामाघूम!

करत करत रानोजीची पाळी आली. त्यानं भाकरीवर भरीत ठेवून घास पुढं केला. ठकू हात पुढं करणार, एवढ्यात चिंगी म्हणाली, 'आई, दर वेळी तूच आधी खातीस. ह्यो मी आधी खाते, मला भरीत आवडतं.' आणि तिनं घास घेतला.

तिच्या ओठांपर्यंत घास गेला आणि रानोजीनं तिच्या हातावर फटका मारला. घास मातीत पडला.

सगळं गाव बघत होतं. मग रानोजीच्या बायकोनंच विचारलं, 'का वो? माझ्या भरताला काय झालं?' आणि रानोजी तिथंच सगळं बोलला. फुटवे, धोतराचा सोगा, धोतऱ्याचं बी, सगळं.

काहीजण सांगतात की उरलेलं भरीत त्यानं स्वतः खाल्लं आणि तीन दिवस भ्रमिष्टासारखा माळावर फिरला. मला हे खरं वाटत नाही. एवढी हिंमत असती तर पहिल्याच दिवशी खरं बोलला असता. काहीजण म्हणतात, ठकू त्याच क्षणी झाडात शिरून गुप्त झाली. तेही खरं वाटत नाही. ती गेली ती रस्त्यानं गेली. गावानं पाय धरले, राहा म्हणून विनवलं. ती म्हणाली, 'जिथं लेकराच्या घासावर डोळा ठेवावा लागतो, तिथं मी न्हाई ऱ्हायची.' गावाला सांगितलं, इथं जेवायचं तर झाकणं उघडी ठेवून आणि एकमेकांचं जेवायचं. आणि रानोजीला सांगितलं ते असं:

'तुझ्या घरानं ही झाडं राखायची. आन् आजच्या दिशी ह्या झाडाखाली आपल्या हातानं खायचं न्हाई. आल्यागेल्या परक्यानं घास दिला तरच खायचा. ज्या दिशी माझ्या चिंगीच्या वंशातला घास तुझ्या वंशाच्या तोंडात पडंल, त्या दिशी तुमी सुटला. पर त्यो घास कंचा, ते तुमास्नी कळायचं न्हाई.'

मग ती चिंगीचा हात धरून निघून गेली. कुठं गेली, चिंगीचं पुढं काय झालं, कुणालाच ठाऊक नाही. पुढच्या उन्हाळ्यात विहिरीचं पाणी गोडं झालं. आजही गोडं आहे, तुमच्या बाटलीतल्यापेक्षा बरं. लोक म्हणतात हे झाड तिच्याच हातचं. आवळी एवढी जगत नाही हो, हे तिच्या बियाचं बी असेल.

माझ्या खिशावरचा हा बिल्ला वाचलात का, ताई? नाही वाचला. माणूस वाकून सांगायला लागला की त्याचं नाव कोण वाचतं. धर्मा चौगुले.

आजही ह्या तेरसला आमच्या घरचा एकजण सकाळपासून उपाशी राहून ह्या झाडाखाली फिरतो. आधी गोष्ट सांगतो, मग नाव सांगतो, मग उभा राहतो. कुणी घास देतं, कुणी पोरांना जवळ ओढून घेतं. त्यांचं काही चुकत नाही. सात पिढ्या झाल्या. कदाचित माझ्या आज्याच्या वेळीच चिंगीचा घास मिळाला असेल आणि आम्ही केव्हाच सुटलो असू. पण कळणार कसं? म्हणून मी प्रत्येकाच्या तोंडाकडे बघतो. तुम्ही म्हणत असाल, हा म्हातारा असा टक लावून काय बघतो.

आणि उपाशी राहण्याचं काही नाही हो. ते जमतं. पण ज्या घरानं घासात विष कालवलं, त्या घराला दुसऱ्याच्या घासाचा भरवसा येत नाही, हा खरा शाप. एकतीस वर्षं परक्यांचे घास खातोय. एकही घास मी आधी वास घेतल्याशिवाय तोंडात घातलेला नाही. समोर देणारी बाई हसत असते आणि मी जिभेनं बी चाचपत असतो. लाज वाटते, पण सुटत नाही.

अगं, अगं, मनवा! डबा कधी उघडलास? हे काय, भरीत? बाळ, तू ऐकलंस ना सगळं?

ताई, तिचा हात मागं ओढू नका. राहू द्या. सात पिढ्यांत ह्या झाडाखाली आम्हाला भरताचा घास कुणी दिलेला नाही.

नाही, आज वास नाही घेत. दे, बाळ.