नावाची चढाई

शुद्धलेखनाच्या चुका सांभाळून घ्या. शाळा अर्ध्यात सुटली, शब्द साधेच येतात.

एका मुलखाच्या सेनाधीशाने हुकूम काढला, की खेळात चढाई करणाऱ्याने 'कबड्डी' नाही, 'सेनाधीश अमर' घुमायचं. म्हादू 'कबड्डी'च घुमला आणि तुरुंगात गेला.

त्याचा जोडीदार केरबा बुजरा, पण हट्टी. मोठ्या सामन्याला सेनाधीश समोरच बसला होता. पाहुण्यांचा गडी "सेनाधीश अमर, सेनाधीश अमर" करत केरबाच्या अंगणात शिरला. केरबाने त्याची कंबर धरली, बाकीचे सहाजण वर पडले. "सेनाधीश अ... से..." करत दम सुटला. पंच ओरडले, "बाद!" मैदान हसून हसून लोळलं.

सेनाधीश गरजला, "माझं नाव घेणाऱ्याला दाबतोस?"

केरबा मान खाली घालूनच म्हणाला, "सरकार, अंगणात शिरलेल्याला दम संपेपर्यंत धरायचं, हाच खेळ. अजून चाळीस चढाया आहेत. किती वेळा आपलं नाव बाद करू? त्यापेक्षा 'कबड्डी' म्हणू द्या. आणि तेच म्हणणारा म्हादू मग आत कशाला?"

लोक हसतच होते. सेनाधीशाने तिथंच हुकूम मागे घेतला, म्हादूला सोडायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी केरबा तुरुंगाच्या दारातून म्हादूला घेऊन थेट मैदानावर गेला, आणि पहिली चढाई त्याला दिली.